भोंगा चालू ठेव

माझं काम नेमकं काय, हे मला आबांना कधीच धड सांगता आलेलं नाही. मोठ्या हॉलमध्ये पडदा, प्रोजेक्टर, माईक, स्पीकर, दिवे, कॅमेरा अशी दहा यंत्रं असतात. प्रत्येकाचा रिमोट वेगळा. ती सगळी एका पेटीला जोडायची आणि त्या पेटीला हुकूम लिहून द्यायचे. मग भाषणाला आलेल्या पाहुण्यानं भिंतीवरचं एक बटण दाबलं की पडदा खाली येतो, दिवे मंद होतात, प्रोजेक्टर जागा होतो. ते हुकूम मी लिहिते.

"म्हंजी तू बटनं बसवतीस," आबा म्हणायचे.

"बटणं दुसरे बसवतात. दाबल्यावर काय व्हायचं ते मी ठरवते."

"मंग दाबनाऱ्याला काय कळतंय का न्हाई?"

आई चुलीपुढून हसायची आणि विषय तिथंच संपायचा.

खरं तर शिकायला हुकूम फार नसतात. 'ऑन' म्हणजे चालू कर आणि चालूच ठेव. 'ऑफ' म्हणजे बंद. 'पल्स' म्हणजे क्षणभर चालू करून लगेच सोड, दारावरची बेल दाबतो तसं. 'वेट' म्हणजे इतका वेळ गेल्यावर अमुक कर. नव्या माणसाला हा 'वेट' फसवतो. त्याला वाटतं, पेटी तिथं थांबून राहील. पेटी थांबत नाही. ती पुढच्या ओळींची कामं उरकत राहते आणि वेळ झाली की मागचं ठेवलेलं काम आपोआप करते. या चार-पाच शब्दांवर मी पुण्यातल्या, वेल्ह्यातल्या, कुठकुठल्या हॉलची कामं केली आहेत. कंपनी लहान आहे, आणि मी भोरला खोली घेऊन राहते, कारण तिथून गाव जवळ पडतं.

गाव म्हणजे हिर्डोशीच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी असलेली आमची वाडी. मुख्य रस्त्याला एसटीतून उतरून चालत वर जायचं. खाली भाताची खाचरं, वर उताराला नाचणी, आणि त्याच्याही वर कातळाचं सपाट पठार. त्या पठारावर एका संस्थेनं प्रशिक्षण केंद्र बांधलं. बचत गटाच्या बायका, शेतकरी तिथं मुक्कामी येऊन शिकतात. तिथल्या हॉलचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि सरांनी ते माझ्यावर सोपवलं. सर म्हणजे आमचे मालक आणि माझे या धंद्यातले गुरू. "तुझंच गाव आहे, जेवणाचा प्रश्न मिटला," असं ते म्हणाले होते.

तिथं वीज सारखी जाते म्हणून छतावर सोलर आणि आत बॅटऱ्या. मोबाईलची रेंज येते-जाते म्हणून इंटरनेटसाठी आकाशाकडं तोंड केलेली एक थाळी. हॉलच्या छतात माईक, कोपऱ्यात फिरणारा कॅमेरा, मुख्य दाराला विजेचं कुलूप, आणि बाहेर कौलांच्या वर एक भोंगा. पठारावर पांगलेल्या लोकांना जेवायला बोलवायचं म्हणून तो भोंगा. त्यासाठी एक वाक्य रेकॉर्ड करून पेटीत ठेवायचं होतं. त्या दिवशी तिथं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच बोलले: "जेवण तयार आहे. सगळ्यांनी वर केंद्रात यावं." सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "राहू दे, छान आहे."

त्या वर्षी जुलैत पाऊस लागला तो उघडायचं नावच घेईना. केंद्र पावसाळ्यात बंद असतं, राखणदारही आपल्या गावी गेलेला. मी भोरमध्येच होते. संध्याकाळी आईला फोन लावला तर तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. कोणी ऐकेल म्हणून बोलावं तसा.

"घरामागनं पानी येतंया," ती म्हणाली.

"पावसात येतंच की."

"ह्ये त्ये न्हाई. कड्याच्या बुडातनं येतंया. जितं कदी झरा नव्हता तितनं. लाल हाय, घोटून काढल्यावानी."

मी लहानपणापासून त्या कड्याखाली वाढले. पावसाळ्यात त्याच्यावरून पांढऱ्या धारा उतरायच्या, त्या स्वच्छ असायच्या. लाल पाणी म्हणजे डोंगराच्या आतली माती सुटली, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण ऐकताक्षणी मला ते कळलं.

"आई, आत्ताच वर केंद्रावर जा. ओसरी आहे, पडवी आहे."

"तुजं आबा गोठा सोडून हालत न्हाईत. दोन म्हशी हायत्या. उंद्या बगू म्हनत्यात."

"त्यांना फोन दे."

तिनं फोन दिला की नाही मला कळलं नाही. पाण्याचा आवाज आला, आबांचं "कोन हाय?" असं अर्धवट ऐकू आलं आणि लाईन तुटली. मी पुन्हा लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. शेजारच्यांना लावला, तोही बाहेर. रात्र कशी काढली ते सांगण्यासारखं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी फोन छातीवर ठेवून पडले होते.

उजाडल्यावर एसटी स्टँडवर गेले. हिर्डोशीकडं जाणारी गाडी फलाटाला लागलेली होती, पण आत दिवा नव्हता. कंडक्टर खांबाला टेकून उभा होता.

"वर गाडी न्हाई," तो म्हणाला. "दरड आलीया."

"कुठं?"

"एक का दोन? लई ठिकानी. म्होरं कुनालाच जाता येईना."

मी आमच्या वाडीचं नाव घेतलं. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि पाहिल्यावर नजर खाली घेतली. "म्हाईत न्हाई ताई," एवढंच म्हणाला. त्याची ती खाली गेलेली नजर मला आजही दिसते. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मला वाटलं की याला सगळं ठाऊक आहे.

तहसील कचेरीत गर्दी होती. प्रत्येकाच्या तोंडात एकेका वाडीचं नाव. दरड हटवायचं मशिन निघालंय, पथक निघालंय, थांबा, असं कर्मचारी सांगत होते. ते खोटं बोलत नव्हते. पण 'थांबा' हा शब्द ऐकून मला तिथं उभं राहवेना. मी चिखलातून खोलीवर परत आले. ओल्या कपड्यांनीच खाटेवर बसले. समोर टेबलावर लॅपटॉप होता.

तेव्हा कुठं मला ती थाळी आठवली. मोबाईलचा मनोरा मुका झाला होता, पण केंद्राच्या थाळीला मनोऱ्याशी देणंघेणं नव्हतं. ती थेट आकाशाशी बोलत होती.

सरांना फोन लावला. त्या हॉलमध्ये दुरून शिरायचं तर परवानगी त्यांचीच लागते. मी काय बोलले ते मला आठवत नाही. ते म्हणाले, "पावसाळ्यात तिथलं सगळं बंद असतं. पण पेटी बंद करत नाहीत, ओल धरू नये म्हणून. बघ. आणि काय लागेल ते कर, मला विचारत बसू नको."

मी जोडणी सुरू केली. पडद्यावर वाट पाहण्याचं ते गोल चक्र फिरत राहिलं. मग एक हिरवा ठिपका लागला. पेटी जिवंत होती.

मला रडू आलं, आणि लगेच भीती वाटली. कारण आता मला विचारता येणार होतं, आणि उत्तर काय येईल ते माहीत नव्हतं.

पहिल्यांदा बॅटरी विचारली. कितीतरी दिवस ऊन नव्हतं. जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. म्हणजे जे चालू करेन ते मोजून करायला हवं. कॅमेऱ्याला 'ऑन' दिला. तो जागा झाला तो भिंतीकडं तोंड करून. बंद करताना त्याला तसंच ठेवायचं असतं. 'डावीकडं' असा हुकूम दिला. कॅमेऱ्याचं असं असतं, 'थांब' म्हणेपर्यंत तो वळतच राहतो. माझा 'थांब' पावसातून, आकाशातून तिथं पोचेपर्यंत तो दाराच्या पुढं निघून गेला. उजवीकडं आणला तर पुन्हा अलीकडं. असं करत करत दार सापडलं. बंद होतं. खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. जमिनीवर पाण्याचं एक थारोळं. खिडकीबाहेर पांढरं, नुसतं पांढरं. धुकं इतकं दाट की काच रंगवल्यासारखी दिसत होती.

कोणी नव्हतं. हॉलला कुलूप होतं, कोण असणार होतं? तरी मी एकेक कोपरा पुन्हा पाहिला.

मग माईक उघडला. आधी नुसता पाऊस. छतातला माईक कौलांच्या जवळ, म्हणून पाऊस कानात ओतल्यासारखा येत होता. त्याच्या मागं अधूनमधून धप्प, धप्प असा आवाज. कुठल्या तरी खिडकीचं झडप सुटलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

भोंग्याच्या अँप्लिफायरला 'ऑन' दिला. तो तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी लॅपटॉपचा माईक जोडला आणि बोलले, "आई! आबा! मी बोलतेय. कोणी ऐकत असलं तर वर केंद्रावर या."

काही क्षणांनी माझाच आवाज छतातल्या माईकमधून परत आला. तुटलेला, मधले मधले शब्द गेलेले. "आ... बोलत... कोणी... वर..." दूर डोंगरात कुणी तरी बाई अडकली आहे आणि ओरडते आहे, असं वाटलं. मी पुन्हा बोलले, पुन्हा तसंच. पावसानं थाळीचा सिग्नल पातळ केला होता. माझा आवाज त्यातून अखंड जाईना. नवीन रेकॉर्डिंग पाठवायचं म्हटलं तर ते चढेचना, मध्येच अडकून बसे.

पण पेटीत आधीपासून एक वाक्य होतं. ते तिथल्या तिथं वाजणार होतं, अखंड. त्याला फक्त एक छोटा हुकूम पुरे होता.

मी हुकूम दिला. आणि त्या पावसात, धुक्यात, भोंग्यातून स्वच्छ, हसऱ्या आवाजात माझंच वाक्य गेलं: "जेवण तयार आहे. सगळ्यांनी वर केंद्रात यावं."

दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवल्यावर थोड्या वेळानं त्या धप्प धप्पमध्ये दुसरे, जवळचे ठोके मिसळले. झडप असं ठोकत नाही. मी माईकचा आवाज पूर्ण उघडला. दारावर कोणी तरी मारत होतं. आणि शिवी दिल्यासारखा एक जाडाभरडा आवाज.

दाराचं कुलूप विजेचं. त्याला 'पल्स' दिला की क्षणभर सुटतं, तेवढ्यात ढकलायचं. दिला. दार हललं नाही. पलीकडच्याला काय माहीत की आत्ता ढकलायचंय? पुन्हा दिला, पुन्हा नाही. मी भोंग्यातून ओरडले, "दार ढकला!" पण त्यातलं 'दार' गेलं की 'ढकला' गेलं, कोण जाणे.

शिकताना सरांनी बजावून सांगितलं होतं, कुलपाला कधी 'ऑन' देऊन ठेवायचं नाही, त्याची गुंडाळी तापून जळते. मी 'ऑन' दिला आणि तसाच ठेवला. जळू दे.

कॅमेऱ्यात दार आत उघडताना दिसलं. पहिल्यांदा शिरली ती एक शेळी. मग दुसरी, तिसरी, मग कळपच. सगळ्यात शेवटी भिजलेलं घोंगडं डोक्यावर घेतलेला एक म्हातारा. मी त्याला ओळखलं. पठाराच्याही वरच्या धनगरवाड्यावरचे मामा. लहानपणी ताक द्यायला ते आमच्याकडं यायचे. मी कुलपाचा हुकूम काढून घेतला.

ते हॉलच्या मधोमध उभे राहून वर बघत होते. "कोन हाय रं? जेवान तयार हाय म्हनून वराडतीया, हितं तर चूल बी न्हाई!"

मी हॉलच्या आतल्या स्पीकरवर बोलले. एकेक शब्द सुटा, हळू. कोणाची मुलगी, ते सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला. मग ते छताकडं बघूनच बोलू लागले.

"तू कुटं हायेस?"

"भोरला. मामा, आमची वाडी?"

त्यांनी घोंगडं डोक्यावरून खाली घेतलं.

"कडा खाली आलाय पोरी. प्हाटं आवाज झाला. म्या वरनं बगितलं तवा नुसता चिकलाचा राडा दिसला, मंग धुकं आलं."

"माणसं?"

"म्हाईत न्हाई. खोटं कशाला बोलू? कुनाची हाळी न्हाई ऐकली."

छतातल्या माईकमधून शेळ्यांचं ओरडणं येत होतं. मामांनी घोंगडं पिळलं. मग ते म्हणाले, "त्या टायमाला बाहीर पडली असतील तर वड्याच्या अंगाला गेली असतील. तितनं वर यायला वाट हाय, पर ह्या धुक्यात हात म्होरं केला तर दिसत न्हाई. मलाच दिसंना. म्या तुज्या आवाजाच्या मागनं आलो."

"माझ्या?"

"व्हय. जेवान, जेवान. त्यो भोंगा चालू ठेव. बंद नगं करूस. आवाज आला तर येतील."

मी बॅटरी पाहिली. एवढ्या वेळात ती बरीच उतरली होती. भोंग्याचा अँप्लिफायर सगळ्यात जास्त खातो. त्याच्या जोडीला कॅमेरा, माईक, आतले स्पीकर. सगळं असंच चालू राहिलं तर दुपार गाठणार नव्हतं. आणि पाऊस पुन्हा वाढत होता. हिरवा ठिपका मधूनच पिवळा होत होता. लाईन तुटली तर भोंगा वाजवायला मी नसणार.

म्हणून मी पेटीलाच हुकूम लिहायला बसले. आयुष्यात लिहिलेला सगळ्यात छोटा आणि सोपा प्रोग्रॅम असेल तो. अँप्लिफायर ऑन. वेट, तो तयार होईपर्यंत. वाक्य वाजव. ते संपलं की अँप्लिफायर ऑफ. वेट. पुन्हा पहिल्यापासून. नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते. पण एकेक अक्षर दोनदा पडत होतं. 'वेट' किती ठेवायचा, इथं अडकले. जास्त ठेवला तर धुक्यातलं माणूस मधल्या वेळात भरकटणार, कमी ठेवला तर बॅटरी लवकर संपणार. मी वाडीपासून पठारापर्यंतची चढण आठवली, आईचा चालण्याचा वेग आठवला, तिचा गुडघा आठवला. त्या हिशोबानं एक आकडा टाकला.

मग उरलं ते बंद करणं. कॅमेरा म्हणजे माझे डोळे, माईक म्हणजे कान. भोंगा टिकवायचा तर दोन्ही मिटायला हवेत. मी मामांना सांगितलं, "मामा, आता मला तिकडचं दिसणार नाही, ऐकू येणार नाही. भोंगा वाजत राहील. तुम्ही दाराला शेळीचं दावं अडकवून ते उघडं ठेवा."

"बरं," ते म्हणाले. "तू भिऊ नगंस."

मी कॅमेऱ्याला ऑफ दिला. माईकवर मात्र हात जाईना. बोट बटणावर ठेवून मी आणखी एकदा ऐकलं: पाऊस, शेळ्या, मामांचा खोकला, आणि मग बाहेरून "जेवण तयार आहे." मग माईक बंद केला. खोलीत एकदम शांत झालं. भोरमध्येही पाऊस पडतच होता, पण तो मला ऐकू येईना.

थोड्या वेळानं हिरवा ठिपका गेला. पावसानं थाळी झाकली.

पुढचा काळ कसा गेला, हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. मी खुर्चीवरून उठले नाही. पेटी मी लिहिलं ते करत असेल की नाही, हे कळायला वाट नव्हती. कदाचित दुसऱ्याच फेरीला अडकली असेल. कुठं एखादं चिन्ह राहून गेलं असेल. मी लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत होते आणि दर वेळी मला ते चुकल्यासारखं वाटत होतं. मग डोळ्यांपुढं आमचं घर यायचं. मागची भिंत, तिच्या पलीकडं कडा, भिंतीला टेकून रचलेली शेणकुटं. आई त्याच भिंतीला पाठ लावून बसते. मी ते चित्र पुसायची आणि ते पुन्हा यायचं. एकदा तर मला वाटलं, आपण मेलेल्या माणसांना जेवायला बोलावतोय. त्या विचारानं मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

घरमालकीण चहा घेऊन आली आणि माझ्याकडं बघून काही न विचारता ठेवून गेली.

ठिपका परत आला तेव्हा चहावर साय धरली होती. बॅटरी पाहिली. खूपच खाली, पण होती. आणि पेटीनं नोंद दाखवली, वाक्य वाजत होतं, ठरल्यासारखं, एकही फेरी न चुकता. मी स्वतःला सांगितलं, फक्त क्षणभर. आणि माईक उघडला.

आधी शेळ्या. मग खोकला, पण मामांचा नव्हता. मग बाईचं रडणं. लहान मूल किरकिरत होतं. कोणी तरी "हितं बस, हितं कोरडं हाय" म्हणत होतं. माणसं होती. पुष्कळ होती.

"आई?" मी स्पीकरवर म्हणाले. "आई आहे का तिथं?"

"हाय गं," आवाज आला. "हाय मी. रडू नगंस."

मी रडतेय हे तिला कसं कळलं कोण जाणे, मला स्वतःला कळलं नव्हतं. ती भराभरा सांगू लागली. पहाटे मागची भिंत फुगल्यासारखी दिसली, सगळ्यांना उठवून ओढ्याच्या अंगाला पळालो, मागं आवाज झाला, वळून बघायचं धाडस झालं नाही. मग धुकं. कुठं जायचं कळेना, करवंदीच्या जाळीखाली बसून राहिलो. "आन मंग तुजा आवाज आला. जेवान तयार हाय. म्या समद्यास्नी म्हनलं, ही माजी लेक हाय, ही बलावतीया, उटा."

"आबा?"

तिचा आवाज खाली गेला. कंडक्टरच्या नजरेसारखा.

"म्हसरांची दावी सोडाया मागं फिरलं व्हतं. म्या नगं म्हनलं, वराडली. ऐकत्यात व्हय?" मग तीच म्हणाली, "येत्याल. भोंगा वाजतोय न्हवं, येत्याल."

मला तिच्याशी बोलत राहायचं होतं. तिलाही बोलायचं होतं. पण आम्ही बोलत होतो तेवढा भोंगा कमी वाजणार होता. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग बंद कर की. माजं काय ऐकत बसलीस?"

मी माईक बंद केला. त्यानंतर उरलेला दिवस मी फक्त त्या नोंदीकडं पाहत होते. वाजलं. वाजलं. वाजलं. दर ओळीला वाटे, ही शेवटची. संध्याकाळ व्हायच्या आत हिरवा ठिपका गेला, आणि या वेळी पावसानं नव्हे. बॅटरी संपली होती. आबांचं काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला. पलीकडून कोणी तरी घसा खाकरला.

"म्या हाय," आबा म्हणाले. "पथकातल्या मानसाचा मोबाईल हाय ह्यो, जास्त बोलता येनार न्हाई. समदी बरी हायत. हिचा पाय मुरगाळलाय."

मी विचारलं, तुम्ही कुठं होता. ते म्हणाले, दावी कापली, पण परत फिरल्यावर वाट सापडेना, सगळी माती नवीन होती. भोंगा ऐकत ऐकत चढलो, कातळावर आलो आणि भोंगा बंद झाला. मग शेळ्यांच्या वासावर आलो.

आमच्या वाडीत त्या दिवशी माणूस गेलं नाही. हे लिहिताना मला नेहमी दचकायला होतं, कारण त्याच पावसात दुसरीकडं गेलेली माणसं आहेत आणि त्यांच्याही मुली भोरमध्ये, पुण्यात फोन धरून बसल्या असतील. वाडीतली चार घरं गेली, आमचं त्यात पहिलं. एक म्हैस परत आली, दुसरी आली नाही.

रस्ता खुला झाल्यावर मी वर गेले. पथकानं घातलेल्या पायवाटेनं चालत आबा मला घर दाखवायला घेऊन गेले. तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं. लाल मातीचा एक उंचवटा, त्यात आडवं पडलेलं आंब्याचं झाड. आबा काठीनं सांगत होते, हितं दार, हितं माजघर, हितं हिची चूल. मला काहीच ओळखू येत नव्हतं. मागून एक खडा घरंगळला, एवढासा, तर आम्ही दोघंही धावलो. बरंच खाली येऊन थांबलो. आबांनी माझा हात लहान मुलासारखा घट्ट धरला होता. मीही त्यांचा.

आता ते पठाराच्या कडेला पत्र्याच्या घरात राहतात. भोरला या म्हटलं तर आबा म्हणतात, "तितं म्हैस कुटं बांदू?" केंद्राचा हॉल दुरुस्त झाला, जळालेलं कुलूप मीच बदललं. संस्थेच्या मॅडमनी बॅटऱ्या वाढवून घेतल्या आणि जेवणाचं वाक्य दुसऱ्या कोणाच्या आवाजात करू का, असं विचारलं. वाडीच्या बायकांनी नको म्हणून सांगितलं.

मी अजून तीच कामं करते. पण एखाद्या नव्या हॉलमध्ये माईक तपासताना उघडला आणि पलीकडून काहीच आलं नाही, की हातातलं काम टाकून मी ऐकत राहते. सोबतचे म्हणतात, वायर सुटली असेल. सुटलेलीच असते. आणि पावसाळ्यात संध्याकाळी आईला फोन लावते तेव्हा दहातल्या चार वेळा फोनमधली ती रेकॉर्ड केलेली बाई सांगते, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. तिथं रेंज अशीच आहे, मला माहीत आहे. तरी लागेपर्यंत मी बसत नाही, खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालत राहते. लागला की आई विचारते, "काय गं, धाप का लागलीया?" मी सांगते, जिना चढून आले.